नासिक आणि नासिका

गेल्या दिवाळींत आम्ही नासिकास धाकट्या बहिणीच्या घरीं चार दिवस राहिलों होतों. तिचा मुलगा वैद्यकाच्या पहिल्या वर्षांत शिकतो. एके सकाळीं तो खिडकीशीं बसून माणसाच्या कमरेचें हाड हातांत फिरवीत त्याच्या भागांचीं नांवें घोकीत होता. त्यांतील एक नांव कानीं पडतांच आम्ही हातांतील वर्तमानपत्र खालीं ठेवलें. कमरेच्या हाडाचा जो वरचा, पंख्यासारखा पसरलेला भाग, त्याला शारीरशास्त्रांत 'इलियम' म्हणतात. आतां ज्या माणसाचें अर्धें आयुष्य होमर आणि व्हर्जिल यांच्या सहवासांत गेलें, त्याला इलियम म्हटल्यावर हाड कसें आठवावें? त्याला आठवतें तें ट्रॉय. ज्या नगराच्या वेढ्यावर होमरचें महाकाव्य उभें आहे, आणि ज्याच्या नांवावरून त्या काव्यास 'इलियड' म्हणतात, त्या नगराचें लॅटिन नांव इलियम.

भाच्याला हें सांगितलें तेव्हां त्याचा पहिला प्रश्न स्वाभाविकच होता. नगराचें नांव हाडाला दिलें, कीं हाडाचें नगराला? दोन्हीहि नाहीं, असें उत्तर द्यावें लागलें. ग्रीकांचें मूळ नांव इलिऑस अथवा इलिऑन. त्याच्या आरंभीं एके काळीं 'व' हा उच्चार होता याची खूण होमरच्या वृत्तांत राहिली आहे, आणि हित्ती राजांच्या दप्तरांतील मातीच्या पाट्यांवर जें 'विलुसा' नांव येतें तें याच नगराचें, असें आज बहुतेक पंडित मानतात. हाडाचें नांव मात्र लॅटिनमधल्या 'इलिया' या शब्दापासून आलें. इलिया म्हणजे बरगड्यांखालची कूस. दोन वेगळ्या मुलुखांतून निघालेले दोन वाटसरू एकाच धर्मशाळेंत एकाच नांवानें उतरावे, त्यांतला हा प्रकार. ग्रीकांना विचाराल तर ते सांगत कीं इलस नांवाच्या राजानें नगर वसविलें म्हणून तें इलिऑन. कमरेचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

"मग मामा," भाचा म्हणाला, "आमच्या गांवाचें नाकहि असेंच योगायोगाचें असेल."

आंतून बहीण म्हणाली, "योगायोग कसला, दादा! शूर्पणखेचें नाक कापलें म्हणून नासिक. सगळ्यांना ठाऊक आहे." मग चहाचे पेले पुढें ठेवतांना ती जरा आवाज उतरून म्हणाली, "पण खरें सांगूं? ही गोष्ट मीं धाकटीला अजून सांगितलेली नाहीं. बाईचें नाक कापलें त्याचें नांव गांवाला, हें तिला कसें सांगावें तें मला कळत नाहीं."

तिच्या या बोलण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों. नाहींतर स्थळनामांच्या व्युत्पत्तींचा खेळ आपल्या मासिकांतून इतका झाला आहे कीं त्यांत आणखी एक भर घालण्याची हौस आम्हांला नव्हती.

गांवाच्या नांवाविषयीं दोन समजुती मुख्यत्वें प्रचलित आहेत. एक शूर्पणखेची. दुसरी नऊ शिखरांची: जुनें गांव नऊ टेंकड्यांवर वसलेलें, म्हणून तें 'नवशिख', आणि त्याचें पुढें नाशिक. ही दुसरी प्रथम बाजूला ठेवूं, कारण तिला फार वेळ द्यावा लागत नाहीं. तिचा सारा जीव 'श' या अक्षरांत आहे, आणि तें अक्षर नांवांत मागाहून आलेलें आहे. इकाराच्या किंवा एकाराच्या शेजारीं 'स' आला कीं त्याचा 'श' करणें ही मराठीची जुनी खोड. सीमेची शीव झाली, सिंदुराचा शेंदूर झाला, शिवणें व शिजणें या क्रियापदांचे संस्कृत धातूहि मूळचे सकाराचेच. त्याच चालीनें नासिकचें नाशिक झालें. सरकारी कागदांत आज नाशिक लिहितात तें बोलण्यास धरूनच आहे. आम्ही येथें जुन्या वळणानें नासिक लिहितों, तें केवळ संवयीनें. लेण्यांतील लेखांत 'स' आहे हा पुरावा मात्र या वादांत कोणीं पुढें करूं नये. त्या प्राकृतांत 'श' आणि 'स' यांचा भेदच उरला नव्हता. तेथें शिखेचीहि सिखा झाली असती. खरी अडचण आहे ती शेवटच्या 'क'ची. शिखेंतला 'ख' प्राकृतांत तसाच राहील किंवा त्याचा 'ह' होईल. त्याचा 'क' होण्याची रीत नाहीं.

याहून भक्कम साक्षीदार पतंजलि. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. २ रें शतक मानतात. संस्कृतांत 'नासिका' शब्दापुढें 'य' हा प्रत्यय आला कीं नासिकेच्या जागीं 'नस्' येतें आणि 'नस्य' असें रूप होतें. वैद्य नाकांत जें औषध घालतात तें नस्य. तपकिरीला आपल्याकडे 'नस' म्हणत, तीहि याच घराण्यांतली. पण या नियमाला वार्तिकांत दोन अपवाद सांगितले आहेत, आणि महाभाष्यांत त्यांची चर्चा आहे. एक अपवाद वर्णाचा: नाकांतून उच्चारला जाणारा वर्ण तो 'नासिक्य', त्याला नस्य म्हणावयाचें नाहीं. दुसरा अपवाद नगराचा. नगर असलें म्हणजे तेंहि 'नासिक्य'च. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं एका वैयाकरणानें नाक, नाकांतला उच्चार आणि आपलें हें गोदाकांठचें गांव यांना एका ओळींत बसविलें, हें वाचून आम्हांला प्रथम मौज वाटली होती. पुन्हां वाचलें तेव्हां त्यांतला खरा मुद्दा ध्यानीं आला. पतंजलि पुढें असें सुचवितो कीं हा अपवाद वेगळा सांगण्याचीहि गरज नाहीं. 'संकाश' आदि शब्दांच्या गणांत नासिकेची गणना केली म्हणजे काम भागतें. हा गण स्थळनामांचा. संकाशापासून सांकाश्य, कंपिलापासून कांपिल्य, तसें नासिकेपासून नासिक्य. आणि अशा स्थळनामांचे अर्थ पाणिनीनें चार ठरवून दिले आहेत: अमुक वस्तु जेथें आहे तें स्थळ, अमुकानें वसविलेलें स्थळ, अमुकांच्या निवासाचें स्थळ, आणि अमुक वस्तूपासून जें दूर नाहीं तें स्थळ.

आतां नाकानें कांहीं गांव वसविलें नसेल, आणि नाकें कोठें वस्ती करून राहत नाहींत. उरतात पहिला आणि चौथा हे दोन अर्थ. जेथें नासिका आहे तें नासिक्य, किंवा नासिकेच्या जवळ आहे तें नासिक्य. ही नासिका कोणती? 'जेथें आहे' या अर्थांत कापून पडलेलें नाकहि बसेल असें कोणी हट्टानें म्हणाला तर व्याकरण त्याला अडवीत नाहीं. परंतु गांवाची ओळख म्हणून शतकानुशतकें जी वस्तु दाखवितां येते ती भुईची असते. आपल्या सह्याद्रीच्या भाषेंत डोंगराला सारें शरीर आहे. त्याला माथा आहे, खांदा आहे, कूस आहे, पोट आहे, पायथा आहे. आणि पुढें आलेल्या उताराला तर आपण सोंडच म्हणतों. सोंड म्हणजे तरी हत्तीचें नाकच कीं! समुद्रांत शिरलेल्या जमिनीला भूशिर म्हणतांना आपल्याला कोणाचें डोकें कापल्याची आठवण होत नाहीं. रशियन भाषेंत 'नोस' हा एकच शब्द नाकालाहि लावतात आणि भूशिरालाहि; तो शब्द आणि आपली नासिका यांचें मूळ एकच आहे. गोदावरीच्या कांठीं टेंकाडांवर वसलेल्या गांवाला पुढें आलेल्या एखाद्या टेंकाडावरून नांव पडणें यांत असंभाव्य कांहीं नाहीं. कोणतें टेंकाड तें नाक, हें व्याकरण सांगत नाहीं, आणि आम्हीहि सांगणार नाहीं. इतकें मात्र खरें कीं नदीकांठच्या मातीच्या गढीचें इ. स. १९५० व १९५१ या सालीं डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं जें उत्खनन केलें, त्यांत ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर निघाले. म्हणजे पतंजलीनें नांव लिहिलें तेव्हांच गांव जुनें होतें.

येथें एक कबुली दिली पाहिजे. मूळ नांव दुसऱ्याच कोणत्या जुन्या भाषेंतलें असून वैयाकरणांनीं त्याला नाकाचा पोशाख चढविला असेल, ही शक्यता कोणीहि नाकारूं शकत नाहीं. तसें असेल तर भाचा जिंकला, आणि नासिक हें इलियमचें सख्खें भावंड ठरलें. पण तसें असलें तरी पतंजलीच्या काळीं तो पोशाख अंगाला बसलेला होता. इजिप्तमधल्या टॉलेमीनें इ. स. २ ऱ्या शतकांत भूगोल लिहिला, त्यांतहि तो हिंदुस्थानांतील गांवांत 'नासिका'च लिहितो. (रोममध्यें स्किपिओ कुळाच्या एका शाखेचें उपनांव 'नासिका' होतें, तेंहि नाकावरूनच! हा योगायोग कोणी संशोधनाला घेऊं नये म्हणून आम्ही तो कंसांत ठेवला आहे.)

मग शूर्पणखा या नांवांत केव्हां शिरली? याचें साल सांगतां येणार नाहीं. पण ती आरंभापासून तेथें नव्हती असें मानण्यास बरींच कारणें आहेत, आणि त्यांतलें सर्वांत मोठें कारण स्वतः वाल्मीकि आहे. रामायणकाराला स्थळनामांच्या गोष्टी सांगण्याची मुळींच नावड नाहीं. बालकांडांत विश्वामित्र राम-लक्ष्मणांना घेऊन निघतो, तेव्हां वाटेंतल्या प्रत्येक मुलुखाचें नांव तो गोष्टीनें उलगडतो. शंकराच्या कोपानें मदनाचें अंग जेथें गळून पडलें तो अंग देश. इंद्राच्या अंगाचा मळ आणि त्याची भूक जेथें धुतली गेली ते मलद आणि करूष. शरीर आणि भूमि यांना एका नांवानें बांधण्याची ही हातोटी कवीला चांगली अवगत होती. असा कवि अरण्यकांडांत येतो, पंचवटीचें वर्णन मन लावून करतो, लक्ष्मणाकडून शूर्पणखेचे कान आणि नाक कापवितो, आणि या स्थळास पुढें नासिक म्हणूं लागले असें एका शब्दानेंहि सुचवीत नाहीं. बालकांड मागाहून जोडलें गेलें असें म्हणणारे पंडित आहेत. त्यांचें खरें धरलें तर आश्चर्य दुणावतें. कारण मग मागून आलेल्या हातांनाहि ही आयती संधि घ्यावीशी वाटली नाहीं. शिवाय त्याच अरण्यकांडांत पुढें अयोमुखी नांवाच्या राक्षसीचेंहि नाक लक्ष्मण कापतो. त्या जागेला कोणतेंहि नांव पडलें नाहीं. आणि गोदावरीच्याच कांठीं, खालीं भद्राचलमजवळ पर्णशाला येथें, तिकडचे लोक आपली पंचवटी दाखवितात. तेथेंहि गांवाला नाक नाहीं. उघड आहे कीं गोष्टीनें गांवाला नांव दिलेलें नाहीं. नांवानें गोष्टीला आपल्याकडे ओढून घेतलें.

त्रिरश्मि डोंगरावरच्या लेण्यांचीहि साक्ष काढतां येईल. गौतमी बलश्रीनें आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि याची जी प्रशस्ति तेथें कोरविली, तींत त्याच्या तेजाला नहुष, सगर, ययाति, अंबरीष या राजांबरोबर रामाचीहि उपमा दिलेली आहे. राम तेथें आहे. पण तो येथें राहून गेला, याच खोऱ्यांत त्यानें पर्णकुटी बांधली, असें ती आई म्हणत नाहीं. कोणती राजमाता अशी जागा सोडील? मौनाचा पुरावा दुबळा असतो हें आम्ही विद्यार्थ्यांना दर वर्षीं सांगतों, म्हणून येथेंहि त्यावर अधिक भार टाकीत नाहीं.

पण व्युत्पत्ति खोटी ठरली म्हणजे टीकाकाराचें काम संपलें असें समजणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. खोटी व्युत्पत्ति इतकीं शतकें कां टिकली, हें पाहणें अधिक मोलाचें आहे. ती टिकली, कारण आपल्या भाषेंत नाक हा नुसता अवयव नाहीं. कुळाची अब्रू नाकावर बसलेली असते. एखाद्यानें नाक कापलें म्हणजे घराला काळिमा लावला. नाक घासलें म्हणजे शरण आला. नाक मुठींत धरून तो आला, नाक वर करून ती गेली, आणि रुसलेल्याच्या आपण नाकदुऱ्या काढल्या. चेहऱ्यांतल्या दुसऱ्या कोणत्याहि अवयवाला मराठीनें एवढा मान आणि एवढा अपमान दिलेला नाहीं. जी भाषा असें बोलते तिच्या कानाला 'नासिक' हा शब्द नुसता टेंकाडाचा कसा वाटावा? त्यांत तिला कोणाची तरी फजिती ऐकूं येणारच.

आणि ही फजिती नुसत्या म्हणीची नव्हती. नाक कापण्याची शिक्षा आपल्या देशांत खरोखरच होती. सुश्रुतसंहितेंत गालाची कातडी वळवून नवें नाक करण्याची कृति दिली आहे, ती अशीं माणसें वैद्याकडे येत म्हणूनच. हें जुन्या काळापुरतें होतें असेंहि नाहीं. इ. स. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईंत इंग्रजी फौजेचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याकडील विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक बसविलें. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत चित्रासह छापली गेली, आणि तिकडच्या शस्त्रवैद्यांनीं तिच्यावरून ती विद्या उचलली. शूर्पणखेची गोष्ट ऐकणाऱ्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांनीं कदाचित् असा चेहरा बाजारांत पाहिलेला असेल. त्यांना ती गोष्ट अद्भुत वाटली नसावी. ती त्यांना ओळखीची वाटली असावी.

या गोष्टीशीं आमचें जें भांडण आहे तें इतिहासासाठीं नाहीं. तिनें काव्याचा घात केला आहे, हें आमचें गाऱ्हाणें आहे. अरण्यकांडांतला प्रसंग पुन्हां शांतपणें वाचून पाहावा. शूर्पणखा येते आणि रामाला आपलें मन उघड सांगते. तिच्या बोलण्यांत कपट नाहीं. राम तिला सरळ नकार देऊं शकला असता. तो थट्टा करतो. माझें लग्न झालें आहे, धाकटा भाऊ पाहा, असें सांगून तो तिला लक्ष्मणाकडे पाठवितो. लक्ष्मण म्हणतो, मी तर दास, माझी बायको होऊन तूं दासीच होशील. पुन्हां वडील भावाकडेच जा. कवि स्पष्ट सांगतो कीं तिला ही थट्टा कळली नाहीं. दोघां भावांमध्यें अशी चेंडूसारखी फिरल्यावर ती सीतेवर धांवून जाते, आणि मग राम जें बोलतो तें आमच्या मतें या प्रसंगाचें हृदय आहे. तो लक्ष्मणाला म्हणतो कीं क्रूर व अनार्य लोकांशीं कधींहि थट्टा करूं नये. पाहा, सीता कशीबशी वांचली आहे! त्यानंतरच तो तिला विद्रूप करण्याची आज्ञा देतो. म्हणजे शस्त्र उगारण्यापूर्वीं रामानें आपल्या विनोदाची चूक पदरांत घेतली आहे. थट्टेनें सुरू झालेली गोष्ट पुढें खर-दूषणांसह चौदा हजार राक्षसांच्या मृत्यूपर्यंत, सीतेच्या हरणापर्यंत आणि लंकेच्या राखेपर्यंत जाते. एवढ्या मोठ्या अनर्थाची पहिली ठिणगी वाल्मीकीनें नायकाच्या ओठांवरच्या हंसण्यांत ठेवली, हें त्याचें धैर्य. भाबड्या भक्ताला हें अवघड वाटतें, पण कवीनें तें लपविलें नाहीं.

आणि नाक कापल्यानंतर शूर्पणखा काय करते? ती नाहींशी होत नाहीं. ती रावणाच्या भरसभेंत जाऊन उभी राहते, आणि तेथें तिच्या तोंडीं जें भाषण आहे तें एखाद्या अनुभवी मंत्र्याला शोभेल. भोगांत बुडालेला राजा, हेर न ठेवणारा राजा, सीमेवर काय झालें याची खबर नसलेला राजा प्रजेला नकोसा होतो आणि राज्याला मुकतो, असें ती आपल्या भावाला सर्वांदेखत सुनावते. कांपणाऱ्या, रक्तानें माखलेल्या, सर्वांच्या हंसण्याचा विषय झालेल्या त्या बाईला कवीनें वाचा दिली, आणि तीहि राजनीतीची. तिच्या मनांत सूड आहे, तिच्या पुढच्या बोलण्यांत कपटहि आहे, पण ती मूर्ख नाहीं आणि मुकी नाहीं.

स्थळकथेंत यांतलें काय उरतें? एक नाक. थट्टा गेली, थट्टेचा पश्चात्ताप गेला, सभेंतलें भाषण गेलें. जो प्रसंग काव्यांत एका भयंकर गोष्टीचा आरंभ होता तो गांवाच्या नांवांत शेवट होऊन बसला. कापलें, पडलें, नांव पडलें. ऐकणारा हंसतो आणि पुढच्या कुंडाकडे वळतो. तपोवनांत यात्रेकरूंना ती जागा दाखवितांना सांगणाऱ्याचा स्वर आम्हीं मुद्दाम ऐकला. तो स्वर विनोदाचा होता. वाल्मीकीच्या रामाला जो विनोद महाग पडला तोच आपण त्याच्या नांवानें दर यात्रेला पुन्हां करतों, हें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

बहिणीला हें सारें सांगितलें तेव्हां तिनें मन लावून ऐकलें, आणि मग तिनें आमच्या मताला एक चांगला धक्का दिला. "दादा, तूं म्हणतोस तसें असेल. पण मग रामकुंडावर येणाऱ्या म्हातारीला काय टेंकाडाची गोष्ट सांगायची? तिला राम येथें हवा आहे." बहीण बरोबर बोलली. राम नासिकांत आहे तो नाकाच्या आधारावर नाहीं. पंचवटी आहे, गोदावरी आहे, पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट आहे. व्युत्पत्तीचा एक टेकू काढून घेतला म्हणून हें देऊळ ढासळेल असें आम्हांला वाटत नाहीं. मोंगलांनीं या गांवाचें नांव बदलून गुलशनाबाद ठेवलें होतें. पेशवाईंत जुनें नांव परत आलें, आणि मधल्या काळांत रामकुंड कांहीं आटलें नव्हतें. पुराणांनाहि नाकाचा एवढा आग्रह दिसत नाहीं. सतीच्या अवयवांवरून पीठें सांगणाऱ्या परंपरेंत जनस्थानाच्या वांट्याला देवीची हनुवटी आली आहे! नाक पडलें तें सुगंधा येथें, दूर बंगालकडे. नाकासाठीं ज्या गांवाची योजना आयती झाली होती, तेथें त्या ग्रंथकारानें हनुवटी ठेवली, याबद्दल आम्ही त्याला मनांतल्या मनांत नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशीं भाचा आणि त्याची धाकटी बहीण यांना घेऊन आम्ही त्रिरश्मीच्या लेण्यांवर गेलों. पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि आमच्या वयाला त्या अधिकच वाटल्या. सातवाहन कुळांतल्या कण्ह राजाच्या वेळीं नासिकच्या एका महामात्रानें एक लेणें खोदविलें. त्याच्या लेखांत गांवाचें नांव आहे. भाच्याला ब्राह्मी लिपीची कांहीं अक्षरें आम्हीं कागदावर काढून दिलीं होतीं. तीं जुळवीत 'ना' आणि 'क' त्यानें स्वतः ओळखले. पुण्याकडे कामशेतजवळ बेडसें येथें जें लेणें आहे, तेथेंहि नासिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक यानें दान दिल्याचा लेख आहे, हें त्याला सांगितलें. मुलाला शेठीच्या मुलांत फारसें स्वारस्य दिसलें नाहीं. मुलगी मात्र विचारती झाली, "तेव्हां नासिकला मुली नव्हत्या का?"

होत्या. मध्य हिंदुस्थानांत भारहुत म्हणून गांव आहे. तेथल्या बौद्ध स्तूपाचा दगडी कठडा दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा मोठा भाग आतां कोलकात्याच्या संग्रहालयांत ठेवलेला आहे. ज्यांनीं त्या कामाला हातभार लावला त्यांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत. त्यांतल्या एका खांबावर लिहिलें आहे कीं हा खांब नासिकच्या गोरक्षितेचें दान, ती वसुकाची पत्नी. आज रेल्वेनेंहि भारहुतकडे जावयाचें म्हणजे एक रात्र मोडते. नासिकची एक बाई इतक्या लांबच्या कामाला आपल्या नांवानें एक खांब देते, आणि नांवाच्या आधीं आपलें गांव लिहविते. गांवाच्या नांवाचा असा उल्लेख करणाऱ्या ज्या अगदीं आरंभींच्या माणसांची आम्हांला माहिती आहे, त्यांतली ही एक.

मुलीनें नांव दोनदां म्हणून पाहिलें. घरीं आल्यावर तिनें तें आईला सांगितलें, आणि गोरक्षितेचा खांब केवढा मोठा असेल हें हात पसरून दाखविलें. शूर्पणखेची गोष्ट तिला पुढें सांगावयाचीच आहे. ती आम्हीं आमच्याकडे घेतली आहे. उन्हाळ्याच्या सुटींत अरण्यकांड वाचावयास बसूं, तेव्हां थट्टेपासून सुरुवात करूं.